वांग्याच्या स्थानिक वाणांतील जनुकीय विविधता आणि गुणांची निवड : खरीप २०२३ च्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२३

खरीप हंगामाचा आराखडा आज नक्की झाला. पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि खानदेशातील शेतकऱ्यांकडून मिळवलेले वांग्याचे तीस स्थानिक नमुने पुणे जिल्ह्यातील आमच्या प्रक्षेत्रावर एकाच व्यवस्थापनाखाली वाढवायचे, त्यांच्यातील जनुकीय विविधता मोजायची आणि पुढच्या निवडीत कोणत्या गुणांवर भर द्यायचा हे ठरवायचे, असा प्रकल्पाचा उद्देश आहे. तुलनेसाठी मांजरी गोटा, वैशाली आणि फुले हरित हे तीन प्रसारित वाण घेतले आहेत.

पीक निवडताना टोमॅटो आणि मिरची यांचाही विचार झाला होता. परंतु ही दोन्ही पिके अमेरिका खंडातून आपल्याकडे आली, तर वांगे हे इथलेच पीक आहे. भारतीय उपखंड हे त्याच्या उगमाचे एक प्रमुख केंद्र मानले जाते आणि त्याचे काटेरी रानटी भाऊबंद आजही गावाबाहेरच्या पडीक जमिनीवर उगवलेले दिसतात. त्यामुळे बाहेरून काही न आणताही निवडीसाठी भरपूर सामग्री हाताशी असते. महाराष्ट्रात तर खोऱ्याखोऱ्याचे वांगे वेगळे आहे. सांगली परिसरात कृष्णाकाठचे काटेरी वांगे भरली वांगी करण्यासाठी मागितले जाते. पुण्याजवळच्या मांजरीचा गोटा आकाराने गोल आणि अंगाने भरलेला असतो. जळगावचे भरिताचे वांगे फिकट हिरवे, पांढऱ्या रेघांचे, मोठे आणि कमी बियांचे असते, आणि त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. ही सगळी वांगी एका पिकाची असली तरी एका कामाची नाहीत, आणि आकडेमोडीच्या वेळी हीच गोष्ट आम्हांला अडचणीची ठरेल असे आत्ताच वाटते.

प्रत्येक नमुन्यासोबत गाव, तालुका, बियाणे घरात किती पिढ्यांपासून आहे आणि त्याची भाजी कशी करतात, एवढी माहिती लिहून घेतली आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ यानुसार शेतकऱ्याने जपलेल्या वाणावर त्याचाही हक्क असतो. म्हणून नमुना कोणत्या अटीवर घेतला, हेही त्याच पानावर नोंदवले आहे. भाजीचा रकाना माहितीच्या मूळ तक्त्यात नव्हता. तो आम्ही हट्टाने घातला.

१४ जून २०२३

गादीवाफ्यांवर पेरणी पूर्ण झाली. बियाण्यास ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीची प्रक्रिया केली आणि दोन ओळींत दहा सेंटिमीटर अंतर ठेवून बी पातळ पेरले, कारण दाट पेरलेल्या वाफ्यात रोपे कोलमडण्याचा रोग लगेच पसरतो आणि मग एखाद्या नमुन्याची रोपेच कमी पडली तर संपूर्ण मांडणी लंगडी होते. बिपरजॉय चक्रीवादळामुळे मोसमी वारे कोकणातच अडकून पडले आहेत. तूर्त झारीने दोन वेळा पाणी देणे चालू आहे.

२७ जून २०२३

पाऊस एकदाचा आला. मुंबई आणि दिल्ली या दोन्ही शहरांत मोसमी पाऊस २५ जूनला एकाच दिवशी पोहोचल्याचे जाहीर झाले. असे यापूर्वी १९६१ मध्ये घडले होते.

रोपे दोन पानांवर आहेत. आज वाफ्यांजवळ बसून रोपांच्या खोडाचा, म्हणजे बीजदलांखालच्या भागाचा रंग पाहिला. हा रंग जांभळा किंवा हिरवा असतो, तो लवकर कळतो आणि पाण्या-खताने फारसा बदलत नाही. त्यामुळे नमुना एकजिनसी आहे की सरमिसळ, याचा पहिला अंदाज इथेच घेता येतो. तिन्ही प्रसारित वाणांचे वाफे एकसारखे दिसले. स्थानिक नमुन्यांपैकी बऱ्याच वाफ्यांत मात्र जांभळ्या रोपांत अधूनमधून हिरवी रोपे होती, आणि सोलापूरकडच्या एका वाफ्यात दोन्ही रंग जवळजवळ निम्मे निम्मे होते.

ही भेसळ म्हणून उपटून टाकावी काय, यावर चर्चा झाली. वांग्याचे फूल स्वतःच्या परागाने फळ धरू शकते; परंतु परागकोश टोकाच्या बारीक छिद्रांतून उघडतात आणि फुलाला धरून पंखांच्या स्नायूंच्या कंपाने पराग झटकणाऱ्या भुंग्यांसारख्या माशा फिरत असल्या की परपरागीभवनही होते. शेतकरी आपल्या परसातल्या चार चांगल्या झाडांचे बी धरतो, शेजारी दुसरे वांगे असते, आणि त्यामुळे एका नावाच्या बियाण्यात अनेक वंश एकत्र नांदत असतात. विविधता शोधायला निघालेल्यांनी ती वाफ्यातच उपटून टाकणे योग्य नव्हे. म्हणून रोपे रंगानुसार न निवडता जशी येतील तशी लावायची आणि प्रत्येक निरीक्षण झाडाचा रंग वेगळा लिहायचा, असे ठरले.

१९ जुलै २०२३

पुनर्लागवड झाली. यादृच्छिक गट पद्धतीने (प्रत्येक गटात सगळे वाण, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या क्रमाने) तीन पुनरावृत्ती, प्रत्येक वाफ्यात पंधरा झाडे, दोन ओळींत ९० आणि दोन झाडांत ७५ सेंटिमीटर अंतर, आणि कडेची झाडे वगळून प्रत्येक वाफ्यातील पाच झाडांवर निरीक्षणे, अशी मांडणी आहे. क्षेत्राचा उतार पूर्वेकडे असल्यामुळे गट उताराला आडवे आखले. उताराच्या दिशेने आखले असते तर जमिनीतला फरक वाणांच्या नावावर जमा झाला असता. गट आखण्याचे काम दोरी आणि खुंट्यांनी सकाळीच उरकले, कारण लागवडीला माणसे आली की मोजमापाला कोणी थांबत नाही.

३० ऑगस्ट २०२३

पावसाने महिनाभर ओढ दिली आहे. ठिबक असल्यामुळे झाडे तग धरून आहेत, पण हवेतला कोरडेपणा पाण्याने भरून निघत नाही. तुडतुड्यांचा उपद्रव वाढला आणि दोन वाफ्यांत पर्णगुच्छ रोगाची झाडे दिसली. पाने बारीक होऊन झुपक्यासारखी झालेली ही झाडे लगेच उपटून नष्ट केली. हा रोग तुडतुड्यांमार्फत पसरतो आणि अशा झाडाला फळ धरत नाही.

फुलांचे निरीक्षण आजपासून सुरू केले. वांग्याच्या एकाच झाडावर कुक्षिवृंताच्या, म्हणजे फुलातील स्त्रीकेसराच्या दांड्याच्या, लांबीनुसार निरनिराळी फुले येतात. काही फुलांत कुक्षी (त्या दांड्याचे पराग झेलणारे टोक) परागकोशांच्या वर डोकावते, काहींत त्यांच्या बरोबरीने असते आणि काहींत ती आत खोल दबून राहते. लांब आणि मध्यम कुक्षिवृंताची फुले फळ धरतात. आखूड कुक्षिवृंताची फुले बहुतेक गळून पडतात. म्हणून ‘एका झाडाला किती फुले’ हा गुण ऐकायला चांगला वाटला तरी निवडीला फारसा उपयोगी नाही. उपयोगी आहे तो लांब आणि मध्यम फुलांचा वाटा. लातूरकडच्या एका नमुन्याला फुलांचे गुच्छच्या गुच्छ आले आहेत, परंतु भिंगाखाली पाहिले असता गुच्छातले पहिले एखादेच फूल लांब कुक्षिवृंताचे आणि मागची सारी आखूड निघाली. मजूर बायकांनी या झाडाचे कौतुक केले होते. तोडणीला कळेल, एवढेच त्यांना सांगितले.

याच गुणात एक धोकाही आहे. झाडावर फळांचा भार वाढला किंवा अन्नद्रव्ये कमी पडली की आखूड फुलांचे प्रमाण वाढते. म्हणजे हा गुण वाणाचा आहे तितकाच परिस्थितीचाही आहे. त्यामुळे मोजणी पहिल्या फुलांपासून तीन वेळा, ठरावीक अंतराने करायची, असे वहीत आखून ठेवले आहे.

९ सप्टेंबर २०२३

देशाचा विचार करता यंदाचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरल्याचे हवामान खात्याने जाहीर केले आहे. प्रयोगाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, या हंगामात जे वाण उठून दिसतील ते कोरड्या हवेत तग धरणारे म्हणून उठून दिसतील, आणि ओल्या वर्षात क्रम बदलू शकेल. एका ठिकाणी, एका हंगामात काढलेल्या आनुवंशिकतेत, म्हणजे दिसणाऱ्या फरकातल्या जनुकांच्या वाट्यात, वाण आणि परिस्थिती यांचा परस्परपरिणामही मिसळलेला असतो. तो वेगळा काढता येत नाही आणि त्यामुळे आकडा प्रत्यक्षापेक्षा मोठा दिसतो. अहवालात हे वाक्य पहिल्या पानावर घालायचे आहे.

निवडलेल्या झाडांवर स्वपरागीकरणासाठी बटर पेपरच्या पिशव्या चढवण्यास प्रारंभ केला. उद्या उमलणारी, लांब कुक्षिवृंताची कळी निवडायची, पिशवी बांधायची, सकाळी फांदीला हलकी टिचकी मारायची आणि फळ धरल्यावर पिशवी काढून दोरा बांधून ठेवायचा. काटेरी वाणांवर हे काम हातमोज्यांनी होत नाही आणि हातमोज्यांविना सुखाचे होत नाही.

४ ऑक्टोबर २०२३

पहिली तोडणी झाली. फळाची लांबी, घेर, सरासरी वजन, झाडावरील फळांची संख्या, देठाची लांबी, देठावरील काटे आणि रंग, अशी निरीक्षणे घेतली.

एक बाब मुद्दाम सविस्तर नोंदवतो. फळाच्या देठाची हिरवी टोपी नखाने उचलून पाहिली असता काही वाणांत टोपीखालची साल पांढरी निघाली, तर काहींत ती बाहेरच्या इतकीच गडद जांभळी होती. पहिल्या प्रकारात जांभळे रंगद्रव्य तयार होण्यास उजेड लागतो. दुसऱ्या प्रकारात सावलीतही रंग चढतो. तोडणीवरच्या एक मावशी म्हणाल्या, ‘‘सर, ज्याचं टोपीखाली पांढरं असतंय ना, त्ये पाल्याखाली लपलं की फिक्कं राहतंय.’’ हे तंतोतंत खरे आहे, आणि पसरट वाढीच्या वाणात त्याचे महत्त्व आणखी वाढते, कारण तिथे अर्धी फळे पानांच्या आड असतात आणि फिकट फळ बाजारात मागे पडते. टोपीखालच्या रंगाचा रकाना आजपासून वहीत वाढवला आहे. हा गुण पहिल्याच फळावर, एका नजरेत कळतो. त्याच्यासाठी तराजूही लागत नाही आणि आकडेशास्त्रही.

२६ ऑक्टोबर २०२३

शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीचा प्रादुर्भाव अपेक्षेप्रमाणे वाढला आहे. सुकलेले शेंडे अळीसह कापून नष्ट करणे आणि मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावणे चालू ठेवले. फवारणी मात्र सर्व वाफ्यांत सारखी आणि मोजकीच केली, कारण सगळी अळी औषधानेच मारली तर वाणांतला फरक दिसणारच नाही. किडलेल्या फळांची टक्केवारी संख्येवर आणि वजनावर, अशी दोन्ही प्रकारे काढत आहोत.

लागवडीखालील वांग्यात या अळीला पूर्ण प्रतिकार करणारा वाण सापडत नाही. सापडतो तो कमी-अधिक सोशिकपणा. रानटी नातलगांत काही प्रमाणात प्रतिकार आहे, परंतु त्यांच्याशी केलेल्या संकरात वंध्यत्व, कडवटपणा आणि काटे हे सारे सोबत येते. याच अडचणीमुळे बीटी वांग्याचा, म्हणजे जिवाणूचे जनुक घालून अळीला प्रतिकारक केलेल्या वांग्याचा, मार्ग पुढे आला. २००९ मध्ये जनुकीय तंत्रज्ञानविषयक केंद्रीय समितीने त्याला हिरवा कंदील दाखवला, फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र सरकारने त्यावर स्थगिती आणली, आणि बांगलादेशाने २०१३ मध्ये त्याला परवानगी दिली. त्या वादात शिरण्याचे हे स्थान नव्हे. आमच्या कामापुरते एवढेच की, निवडीच्या वाटेने जेवढा सोशिकपणा मिळेल तेवढा पदरात पाडून घ्यायचा, आणि त्यासाठी निदान मोजणी प्रामाणिक ठेवायची.

२९ नोव्हेंबर २०२३

२६ तारखेच्या अवकाळी पावसाने नाशिक आणि नगरकडे गारपिटीसह मोठे नुकसान केले. आमच्याकडे गारा पडल्या नाहीत, पण दोन दिवसांच्या ओलीने फळकूज वाढली. सातव्या तोडणीचे वजन घेताना कुजलेली फळे वेगळी मोजली. ती एकूण उत्पादनात धरायची आणि विक्रीयोग्य उत्पादनात धरायची नाहीत.

१८ डिसेंबर २०२३

विश्लेषणाला सुरुवात केली. प्रथम पद्धत थोडक्यात लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वर्षी वही हातात घेणाऱ्याला चाचपडावे लागणार नाही. विचरण म्हणजे सरासरीभोवतीचा आकड्यांचा पसारा. विचरण विश्लेषणातून वाणांचे आणि त्रुटीचे (वाण सोडून उरलेल्या फरकाचे) सरासरी वर्ग, म्हणजे त्या त्या फरकाची मापे, मिळतात. त्यांच्या वजाबाकीला पुनरावृत्तींच्या संख्येने भागले की जनुकीय विचरण मिळते आणि त्यात त्रुटीचे विचरण मिळवले की बाह्य, म्हणजे डोळ्यांना दिसणारे विचरण मिळते. दोन्हींची वर्गमुळे सरासरीने भागून शंभराने गुणली की जनुकीय आणि बाह्य विचरण गुणांक मिळतात. ते १० च्या आत असले तर कमी, १० ते २० मध्यम आणि २० च्या वर जास्त समजण्याचा प्रघात आहे. जनुकीय विचरणाचा बाह्य विचरणातला वाटा म्हणजे आनुवंशिकता. ती ६० टक्क्यांच्या वर गेली की जास्त म्हणतात. आणि निवडीमुळे पुढच्या पिढीत सरासरी कितीने सरकेल, तो अपेक्षित जनुकीय लाभ. जॉन्सन, रॉबिन्सन आणि कॉमस्टॉक यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या या रीतीत शंभरांतून पाच निवडायचे धरून २.०६ हा गुणक घेतला जातो.

सर्व तेहतीस वाण एकत्र घेतल्यावर फळाच्या सरासरी वजनाचे आणि झाडावरील फळांच्या संख्येचे जनुकीय गुणांक जास्त आले, आनुवंशिकताही जास्त आली आणि अपेक्षित लाभही भरघोस आला. झाडाची उंची मध्यम निघाली. पहिल्या फुलापर्यंतच्या दिवसांत विविधता कमी दिसली. एकूण उत्पादनात बाह्य आणि जनुकीय गुणांकांतले अंतर सर्वांत जास्त आहे. म्हणजे या गुणावर परिस्थितीचा हात सर्वांत मोठा आहे. वांग्यावरच्या कोणत्याही प्रबंधात थोड्याफार फरकाने हाच निष्कर्ष वाचायला मिळतो, आणि ‘फळाचे वजन व फळांची संख्या या गुणांवर थेट निवड करावी’ या वाक्याने प्रकरण संपते. आम्हांला ते वाक्य लिहायचे नाही. कारण पुढच्या नोंदीत देतो.

२६ डिसेंबर २०२३

फळाच्या वजनातली ही विविधता आली कोठून? एका टोकाला खानदेशातले भरिताचे वांगे आणि दुसऱ्या टोकाला कृष्णाकाठचे मूठभर काटेरी वांगे एकाच तक्त्यात बसवल्यावर विचरण प्रचंड येणारच. ते येण्यासाठी प्रयोगाची गरज नव्हती. पण ही दोन वांगी एकमेकांची जागा घेत नाहीत. भरली वांगी करणारी गृहिणी भरिताचे वांगे घेत नाही आणि पऱ्हाट्यांवर भरीत भाजणारा खानदेशी माणूस काटेरी वांग्याकडे वळूनही पाहत नाही. म्हणून निवड करायची ती प्रत्येक प्रकाराच्या आत, आणि विविधता मोजायचीही तिथेच.

फरक किती पडतो ते पूर्णांकी आकड्यांत मांडून पाहिले. हे आकडे आमच्या नोंदींचे नाहीत, हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत. समजा, सर्व वाणांची सरासरी ९० ग्रॅम, जनुकीय विचरण ९०० आणि बाह्य विचरण १००० आहे. तर जनुकीय गुणांक ३३ टक्के, आनुवंशिकता ९० टक्के आणि अपेक्षित लाभ जवळपास ५९ ग्रॅम येतो, म्हणजे सरासरीच्या ६५ टक्के. आता फक्त काटेरी गट घेतला आणि त्यात सरासरी ६० ग्रॅम, जनुकीय विचरण ३६ आणि बाह्य विचरण १०० निघाले, तर जनुकीय गुणांक १० टक्के, आनुवंशिकता ३६ टक्के आणि लाभ जेमतेम ७.४ ग्रॅम उरतो. शिवाय २.०६ हा गुणक शंभरांतून पाच निवडण्याचा आहे. एकोणीस वाणांच्या गटातून चार निवडायचे तर गुणक १.३ ते १.४ च्या आसपास येतो आणि लाभ आणखी खाली, पाच ग्रॅमच्या जवळ येतो. पहिला हिशेब वाचणाऱ्याला वाटेल की वजनाची निवड एका फटक्यात साधेल. दुसरा हिशेब सांगतो की कितीतरी हंगाम लागतील आणि तेवढे वजन वाढवण्याची कदाचित गरजही नाही.

मग खरे नमुने उपयोगानुसार तीन गटांत, म्हणजे भरल्या वांग्याचे काटेरी, भरिताचे मोठे आणि रस्साभाजीचे लांबट, असे वाटले आणि विश्लेषण पुन्हा केले. जूनमध्ये हट्टाने घातलेला भाजीचा रकाना इथे कामी आला. त्याच्याशिवाय गट पाडायला आकाराखेरीज दुसरा आधार नव्हता, आणि आकारावरून गट पाडून आकाराचीच विविधता मोजणे हा निव्वळ गोल गोल फिरण्याचा प्रकार झाला असता.

काटेरी गटात फळाच्या वजनाचे विचरण अपेक्षेप्रमाणे आटले. परंतु तीन गुणांतली विविधता गटाच्या आतही टिकून राहिली: फळ धरणाऱ्या फुलांचा वाटा, झाडावरील फळांची संख्या आणि किडलेल्या फळांची टक्केवारी. यांपैकी फळांच्या संख्येची आनुवंशिकता बऱ्यापैकी आहे. किडीच्या टक्केवारीत विविधता भरपूर, पण आनुवंशिकता मध्यम. तीन पुनरावृत्तींत तोच नमुना कधी वर, कधी मधोमध येतो. भरिताच्या गटात वाण इतके थोडे आहेत की त्यावरून काही ठामपणे म्हणणे उचित होणार नाही. खानदेशातून आणखी नमुने आणावे लागतील.

९ जानेवारी २०२४

सहसंबंध (दोन गुण एकमेकांसोबत कसे बदलतात) आणि पथ विश्लेषण पूर्ण झाले. सेवॉल राइट यांनी १९२१ मध्ये मांडलेली पथ विश्लेषणाची रीत १९५९ मध्ये ड्यूई आणि लू यांनी पीक पैदाशीसाठी वापरली. सहसंबंधाचे थेट आणि अप्रत्यक्ष असे तुकडे पाडणे हे तिचे काम. सगळे वाण एकत्र असताना फळाचे वजन आणि फळांची संख्या यांच्यात तीव्र उलटा संबंध दिसत होता: एक वाढवले की दुसरे घटते. काटेरी गटात हा उलटा संबंध पुष्कळच सैल पडतो. याचा व्यवहारातला अर्थ महत्त्वाचा आहे. काटेरी गटात वजन आहे तेथेच ठेवून संख्या वाढवता येण्याजोगी आहे आणि त्यासाठी लांब व मध्यम कुक्षिवृंताच्या फुलांचा वाटा हा आडून निवडण्याजोगा चांगला गुण ठरतो, कारण उत्पादनावर त्याचा परिणाम बहुतांशी फळांच्या संख्येमार्फतच होतो. लातूरकडचा गुच्छांचा नमुना उत्पादनात मागे पडला, हे या जागी नोंदवणे अप्रस्तुत होणार नाही.

महालनोबिस यांच्या १९३६ च्या अंतरपद्धतीने, म्हणजे सर्व गुणांतला फरक एकत्र मोजून, एकमेकांशी मिळत्याजुळत्या नमुन्यांचे गुच्छ पाडले असता सातारा, सांगली आणि सोलापूरचे काही नमुने एकाच गुच्छात आले, तर एकाच तालुक्यातले दोन नमुने दूरच्या दोन गुच्छांत गेले. जिल्ह्याच्या सीमा बियाण्याला ठाऊक नसतात. आठवडे बाजार, माहेर-सासर आणि वारी यांच्या वाटेने बी फिरत असते. तेव्हा संकरासाठी पालक निवडताना ‘लांबच्या जिल्ह्यातला म्हणजे वेगळा’ असे समजणे बरोबर नाही.

२० जानेवारी २०२४

पुढे आलेल्या काटेरी वाणांची भरली वांगी करून चव घेतली. मसाला एकच, वेळ एकच, पातेली सारखी आणि ताटात फक्त क्रमांक. कापलेल्या फोडी दहा मिनिटे उघड्या ठेवून त्या किती काळवंडतात, हेही पाहिले. वांग्यातील क्लोरोजेनिक आम्लासारखी संयुगे आणि त्यांच्यावर काम करणारे विकर (एन्झाइम) यांमुळे गर तपकिरी होतो. उत्पादनात पहिल्या क्रमांकावर असलेल्या वाणाच्या बिया वेळेआधीच कडक होतात आणि भाजीत दाताखाली येतात; चाखणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्याला शेवटी ठेवले. चौथ्या क्रमांकाचा वाण चवीत पहिला आला. बी कोवळे राहण्याचा काळ हा गुण यंदा आमच्या यादीतच नव्हता. पुढच्या हंगामात फळ धरल्यापासून ठरावीक दिवसांनी फळ कापून तो पाहायचा आहे.

काट्यांबाबत चाखणाऱ्यांत एकमत झाले नाही. काटेरी वांगेच चविष्ट असते, अशी ठाम समजूत आहे. अडतेही देठावरचे काटे पाहून भाव करतात. चवीचा आणि काट्यांचा जनुकीय संबंध आमच्या थोड्या वाणांत दिसला नाही, परंतु बाजार काट्यांना खूण मानतो तोवर बिनकाट्याचा वाण मजुरांच्या हाताला सुखाचा असला तरी या गटात चालणार नाही. पानावरचे आणि खोडावरचे काटे घालवून देठाचे ठेवता येतील काय, हा मात्र पाहण्याजोगा प्रश्न आहे.

५ फेब्रुवारी २०२४

स्वपरागीकरणाची पिवळी पडलेली फळे कापून बी काढले, धुऊन सावलीत सुकवले आणि झाडनिहाय वेगळ्या पाकिटांत भरले. नमुन्याचे बी एकत्र करायचे नाही, हा या हंगामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. योहानसेन यांनी १९०३ मध्ये घेवड्यावर दाखवून दिले की, सरमिसळ बियाण्यातून केलेली निवड वंश वेगळे करते आणि म्हणून फळते, परंतु एकदा शुद्ध, म्हणजे आतून एकसारखा, वंश हाती आला की त्याच्या आत निवड करून काही हाती लागत नाही. आमचे नमुने अजून पहिल्या अवस्थेत आहेत, म्हणजे झाडनिहाय निवडीला अजून वाव आहे.

काटेरी गटातून चार नमुन्यांतील झाडे पुढे नेत आहोत: लांब व मध्यम फुलांचा वाटा जास्त, फळांची संख्या जास्त, वजन गटाच्या सरासरीजवळ आणि टोपीखालची साल जांभळी, या क्रमाने ती निवडली. चवीत पहिला आलेला वाण टोपीखाली पांढरा आहे. तरीही तो ठेवला आहे आणि त्याचा संकर सोलापूरच्या जांभळ्या खोडाच्या झाडाशी करायचा आहे. उत्पादनात पहिला आलेला वाण पालक म्हणून राहील, थेट निवडीत नाही. झाडनिहाय ओळी उन्हाळ्यात लावण्याचा मोह होता, परंतु उन्हाळी हंगामातले निष्कर्ष खरिपाला लावणे योग्य नाही. म्हणून उन्हाळ्यात फक्त बीजवृद्धी आणि संकर होतील, मोजणी जूनच्या लागवडीत होईल, आणि या वेळी दुसरे प्रक्षेत्र सांगली भागात नदीकाठच्या काळ्या जमिनीत घ्यायचे आहे. प्रत्येक मूळ नमुन्याच्या बियाण्याचा एक भाग राष्ट्रीय जनुक पेढीत ठेवण्याविषयी अकोल्याच्या प्रादेशिक केंद्राला पत्र पाठवायचे आहे, आणि ज्या शेतकऱ्यांकडून नमुने आणले त्यांना त्यांच्या वाणाचे या हंगामातले आकडे एका पानावर मराठीत लिहून धाडायचे आहेत. त्या पानाचा मसुदा उद्यापासून.